दोष आलेल्यांचा की असलेल्यांचा?

माणसे वाढली की चर्चा बिघडते, हे मत आज सिद्धान्ताच्या थाटात वावरते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट असो, दुर्गप्रेमींचा फेसबुक गट असो की जुने मराठी संकेतस्थळ असो, कुठल्याही जुन्या सभासदाला विचारा, तो हेच सांगेल. सुरुवातीला आम्ही मोजकेच होतो, एकेका विषयावर रात्ररात्र बोलणे चालायचे, मग कोणीही येऊ लागले आणि सगळी रया गेली. निदान इतके पक्के असले की उपायही ठरून जातो. दार लावून घ्या, शिफारशीशिवाय कोणाला घेऊ नका, जमल्यास जुन्या दहाबारा जणांचा वेगळा गट काढा.

हे निदान मला मान्य नाही. ते चुकीचे आहे आणि अपायकारकही आहे, कारण ज्याच्याकडून चूक झालेली नसते त्याला ते आरोपी करते आणि ज्याने काम टाकून दिले त्याला फिर्यादीच्या जागी बसवते. चर्चेचा दर्जा जातो तो जुन्या सभासदांच्या उपेक्षेमुळे. नवख्यांची गर्दी फार तर ती उपेक्षा उघडी पाडते.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. इथे तर ती पाळायलाच हवी, कारण हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. त्याचे तीन आधार आहेत.

पहिला आधार स्मरणाचा. वीसजण बोलत असतात तेव्हा कोण काय म्हणाला होता हे सगळ्यांच्या लक्षात असते. काल ज्याने बेजबाबदार विधान केले त्याला आज बोलताना जपून बोलावे लागते. दोन हजारांत ही लाज उरत नाही. कोणी काही बोलून जातो, उद्या त्याला ओळखणारा कोणी नसतो.

दुसरा आधार इतिहासाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतून यूजनेट सुरू झाले. विषयवार गट, त्यात कोणीही लिहावे, कोणीही उत्तर द्यावे, अशी ती व्यवस्था. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुले येत, त्यांना संगणकावर खाते मिळे आणि ती यूजनेटवर धुडगूस घालत. महिना-दोन महिन्यांत ती रुळत आणि पुन्हा शांतता होई. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या व्यापारी कंपनीने आपल्या लाखो ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले. आता नवखे वर्षभर येत राहिले, ओघ थांबेचना. जानेवारी १९९४ मध्ये एका जुन्या सभासदाने लिहिले की १९९३ चा सप्टेंबर इतिहासात कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून नोंदला जाईल. तेव्हापासून 'अखंड सप्टेंबर' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि पूर्वपक्षाला त्याचा सर्वांत मोठा दृष्टान्त मिळाला.

तिसरा आधार पॉल ग्रॅहम यांच्या अनुभवाचा. त्यांनी २००७ मध्ये हॅकर न्यूज हे संकेतस्थळ काढले. दोन वर्षांत रोज येणारे वाचक सुमारे १,६०० वरून २२,००० च्या आसपास गेले. त्या टप्प्यावर, २००९ मध्ये, त्यांनी आपली निरीक्षणे लिहून काढली. त्यातले एक असे, की जिथे वाचकांच्या मतांवर काय वर राहील हे ठरते, तिथे मुद्दाम काही उपाय केला नाही तर ज्याचा निवाडा चटकन करता येतो तेच वर चढते. हलकेफुलके छायाचित्र वर जाते आणि सकस लेख खाली राहतो.

आता उत्तरपक्ष.

दुसऱ्या आधारापासूनच सुरुवात करतो, कारण तो ढासळला तर बाकीचे दोन फार काळ उभे राहत नाहीत. १९९३ च्या आधीचे सप्टेंबर संपत कसे होते, हा प्रश्न पूर्वपक्ष स्वतःला विचारतच नाही. ऋतू बदलावा तसे ते आपोआप संपत नव्हते. नवख्यांसाठी यूजनेटवर एक स्वतंत्र गटच होता. तिथे चक वॉन रॉस्पॅक यांनी लिहिलेली, यूजनेटवर कसे वागावे हे सांगणारी प्रवेशिका ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा टाकली जाई. प्रत्येक विषयाच्या गटात नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी जमवून, वेळोवेळी दुरुस्त करून प्रसिद्ध करत असे. या सगळ्यामागे नावानिशी ओळखता येतील अशी माणसे होती, पदरचा वेळ घालणारी. सप्टेंबर त्यांच्या श्रमांमुळे संपत होता.

आणि अखंड सप्टेंबरात या माणसांनी काय केले? अनेकांनी नवख्यांच्या ई-मेल पत्त्यावरून त्यांची टवाळी सुरू केली. अनेकांनी 'किलफाइल'चा आश्रय घेतला. ही सोय लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये आणलेल्या वाचन-प्रणालीत होती. नको असलेल्या माणसाचे नाव किंवा विषय एका यादीत टाकला की त्याचे लिखाण तुमच्या पडद्यावर येतच नाही. ही सोय किती निर्दोष दिसते पाहा. कोणाचे तोंड बंद केलेले नाही, कोणाशी भांडण नाही. पण तिचा परिणाम असा की ज्यांना चांगले-वाईट कळत होते, नेमक्या त्यांच्याच डोळ्यांआड वाईट गेले. नवा माणूस चुकत राहिला आणि आपण चुकतो आहोत हे त्याला सांगणारा एकही शहाणा जागेवर उरला नाही. त्याच्यासारखेच नवे असलेले लोक तेवढे त्याला दिसत राहिले, आणि त्यांनाच तो इथली रीत समजला.

शिवाय यूजनेटवर सर्वांत मोठा घाव घातला तो कोणी? एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची आपली जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत एकदम टाकली. त्यांना रीत माहीत नव्हती असे म्हणायला जागा नाही. निषेधाचा पूर आल्यावरही ते मागे हटले नाहीत, उलट अशी जाहिरात कशी करावी यावर त्यांनी पुस्तक लिहिले. भाबड्या नवखेपणाचे हे उदाहरण नव्हे.

पण माझ्या दृष्टीने निर्णायक पुरावा निराळाच आहे, आणि तो त्याच यूजनेटवर, त्याच पुराच्या पाण्यात उभा होता. ऑगस्ट १९८५ मध्ये पीटर न्यूमन या संगणकशास्त्रज्ञाने संगणकांमुळे उद्भवणाऱ्या धोक्यांवर एक चर्चापीठ सुरू केले, 'रिस्क्स'. ई-मेलने ते येई आणि यूजनेटवरही दिसे. लिहायला कोणालाही मुभा होती, अनुभवाची अट नव्हती, शिफारस लागत नव्हती. एवढेच, की आलेले प्रत्येक पत्र न्यूमन स्वतः वाचत, निवडत, गरज पडल्यास कापत, मधूनच आपली टिप्पणी जोडत आणि मग अंक बाहेर पडे. अखंड सप्टेंबर आला आणि शेजारचे गट वाहून गेले, 'रिस्क्स' टिकले. विमानांच्या संगणकांपासून मतदानयंत्रांपर्यंत कितीतरी विषयांवर तिथे पुढे दशकानुदशके मोलाचे लिहिले गेले. माध्यम तेच, काळ तोच, येणारे लोक तेच. फरक एवढाच की इथे कोणीतरी वाचत होते. गर्दी हेच कारण असते तर 'रिस्क्स'ही बुडायला हवे होते. कारण हजर असूनही कार्य घडत नसेल तर ते कारणच नव्हे, हे तर्काच्या पहिल्या धड्यात शिकवतात.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, की हे तर बंद दारच झाले! मला हे पटत नाही. दार बंद असणे म्हणजे माणूस कोण आहे ते पाहून अडवणे. न्यूमन मजकूर काय आहे ते पाहत. विद्यार्थ्याचे चांगले पत्र छापले जाई, प्राध्यापकाचे फुसके पत्र परत जाई.

दुसरा पुरावा विकिपीडियाचा. तिची पूर्वज होती न्यूपीडिया. तज्ज्ञांनीच लिहायचे आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून गेला तरच स्वीकारायचा, असा तिचा कडक शिरस्ता. २००० ते २००३ या काळात तिथे जेमतेम दोन डझन लेख पूर्ण झाले. बंद दाराच्या फळाबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही. २००१ मध्ये विकिपीडियाने दार सताड उघडले आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मात्र २००७ नंतर एक वेगळीच गोष्ट घडली. इंग्रजी विकिपीडियावर नियमित संपादन करणारे पन्नास हजारांच्या वर होते, ते घटत घटत २०१३ पर्यंत तीस हजारांच्या आसपास आले. तेव्हाही ऐकू येणारे स्पष्टीकरण तेच होते, की नवे येणारे पूर्वीसारखे राहिले नाहीत. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. वेगवेगळ्या वर्षी आलेल्या नवख्यांची पहिली संपादने घेतली, त्यांतली चांगल्या हेतूने केलेली किती ते ठरवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले ते असे, की २००६ नंतर चांगल्या हेतूने येणाऱ्या नवख्यांचे प्रमाण फारसे घटलेच नव्हते. वाढले होते ते त्यांचे लिखाण पुसून टाकण्याचे प्रमाण. नासधूस रोखण्यासाठी जुन्या संपादकांनी अर्धस्वयंचलित साधने बनवली होती. एक कळ दाबली की नव्याचे वाक्य गायब आणि त्याच्या चर्चापानावर एक छापील ताकीद. कष्टाने लिहिलेला पहिला परिच्छेद काही मिनिटांत पुसला गेला, तोही कोणी माणसासारखे दोन शब्द न बोलता, तर माणूस परत येत नाही. ते आले नाहीत.

यूजनेटवर जुन्यांनी हटकायचेच सोडले, विकिपीडियावर त्यांनी सरसकट हटकले. वरवर या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. आपल्या तर्कशास्त्रात मात्र त्यांना शेजारीशेजारी जागा दिली आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने येतात. वादात माणूस हरला असे केव्हा धरायचे, याची ती कलमे. आपली प्रतिज्ञा सोडून देणे, विषय टाकून भलतेच बोलणे, तेच तेच पुन्हा सांगणे, तीनदा सांगूनही सभेला कळू नये असे बोलणे. आजचा कुठलाही गट त्यात ओळखू येतो. या यादीच्या शेवटाकडे दोन कलमे लागोपाठ येतात. पहिले पर्यनुयोज्योपेक्षण, म्हणजे ज्याला हटकायला हवे होते त्याला तसेच सोडून देणे. दुसरे निरनुयोज्यानुयोग, म्हणजे ज्याच्याकडून चूक झालेलीच नाही त्याला चुकला म्हणून धरणे. या दोन्ही कलमांत हार होते ती चुकणाऱ्याची नाही. समोर चूक घडताना जो गप्प राहिला त्याची, किंवा चूक नसताना ज्याने बोट दाखवले त्याची. डोळेझाक ही सभ्यता नसून पराभव आहे, असे मानणारी ही परंपरा आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पहिल्या कलमावर वात्स्यायनाने भाष्यात एक फार मार्मिक गोष्ट सांगितली आहे. ही उपेक्षा उघडकीला आणायची कोणी? ज्याची चूक सुटून गेली तो स्वतः उठून, मी चुकलो होतो आणि तुमच्या ते लक्षातच आले नाही, असे म्हणणार नाही. आपली लंगोटी कोण आपल्या हाताने सोडून दाखवील? उपेक्षा करणाऱ्याच्या तर ध्यानीमनीही नसते. म्हणून हे काम परिषदेचे. हार कोणाची झाली असे तिला विचारले म्हणजे तिने ते सांगायचे. दर्जाची जबाबदारी बोलणाऱ्या दोघांच्या पलीकडे, ऐकणाऱ्यांवर टाकलेली आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यांनी आपापसांत चर्चा कशी करावी याचा विस्तार आहे. तिथे परिषदेचे प्रकार सांगितले आहेत. ज्ञानवती आणि मूढ असे दोन, आणि वृत्तीवरून पाहिले तर स्नेहभावाची, उदासीन आणि मनात अढी धरून बसलेली अशी तीन. बुद्धी आणि वृत्ती या दोनच कसोट्या. माणसे किती, ही कसोटी त्या वर्गीकरणात नाहीच. एवढ्या बारकाईने सभा पारखणाऱ्या ग्रंथकाराला संख्या महत्त्वाची वाटली असती तर ती त्याच्या नजरेतून सुटली नसती.

जुन्या शिलालेखांत रस असलेल्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात मी बरीच वर्षे आहे. मध्यंतरी गट भराभर वाढला आणि जुन्यांची कुरकुर सुरू झाली. त्याच दिवसांतली एक सकाळ सांगतो. नव्याने आलेल्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिले: "नमस्कार मंडळी. श्रवणबेळगोळचा लेख मराठीतला पहिला, असे आम्ही मुलांना सांगतो. इथे कोणीतरी अक्षीचे नाव घेतले होते. मग नक्की काय धरायचे?" दोन मिनिटांत उत्तर आले: "ताई, हा विषय इथे शंभर वेळा झाला आहे. आधी शोधा, मग विचारा." त्याखाली जुन्या सभासदांचे पाच-सहा अंगठे उमटले. तासाभराने एका ज्येष्ठ, सर्वमान्य सभासदांनी एक ढकलपत्र टाकले. नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा ठरवली आहे, वगैरे. त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. एकानेही विचारले नाही की सर, याला आधार काय? एकाच सकाळी दोन्ही निग्रहस्थाने आणि दोन्ही जुन्यांच्या खात्यावर. ज्या नवख्या बाईंमुळे दर्जा घसरणार होता, त्यांनी त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला होता.

तो प्रश्न वाचला तो टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांमुळे. ते एरवी फारसे लिहीत नाहीत. संध्याकाळी त्यांनी शांतपणे लिहिले: "बाई, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर सरळ नाही. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीच्या दोन ओळी आहेत. एक मूर्ती करवणाऱ्या चावुंडरायाची, दुसरी भोवतालचे आवार बांधणाऱ्या गंगराजाची. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची, गंगराज बाराव्या शतकाच्या आरंभीचा. आता दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील तर पहिलीही गंगराजाच्या काळात येते, असा एक पक्ष आहे. तसे असेल तर अक्षीचा लेख, शके ९३४, म्हणजे १०१२ चा, आधीचा ठरतो. दोन्ही ओळींचे फोटो पाठवतो. अक्षरे तुम्हीच ताडून पाहा आणि काय दिसते ते लिहा." दुसऱ्या दिवशी बाई कोणकोणती अक्षरे सारखी दिसतात याची यादी घेऊन आल्या. त्यावर तीन दिवस बोलणे चालले आणि कित्येक महिने गप्प असलेली माणसे त्यात उतरली. सभासद तेवढेच होते, विषयही शंभर वेळा झालेलाच होता.

आता पूर्वपक्षाचा पहिला आधार. वीसजणांत एकमेकांची आठवण राहते, हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. गट वाढला की जिव्हाळा पातळ होतो. पण जुना सभासद ज्याच्यासाठी हळहळतो तो बऱ्याचदा दर्जा नसतो, ओळख असते. आपल्याला सगळे ओळखत होते, आपल्या एका शब्दावर चार जण हसत होते, ते दिवस गेले. ती हळहळ खरी आहे, तिचा आदर करावा. पण तेव्हाच्या चर्चा उघडून वाचल्या तर त्यांत कितीतरी ठिकाणी चुकीची माहिती सगळ्यांनी आनंदाने मान्य केलेली सापडते, कारण मित्राला कोण टोकणार? छोट्या गटाला उपेक्षेचा रोग जास्तच जडतो, आणि तो प्रेमापोटी जडत असल्याने दिसत नाही. उलट मायबोलीसारखे संकेतस्थळ १९९६ पासून वाढत राहिले. गप्पांची वाहती पाने वेगळी, पाककृतींची जागा वेगळी, लेख आणि त्यावरचे प्रतिसाद वेगळे, अशी रचना ठेवल्याने ओळखीचा जिव्हाळाही नांदला आणि विषयाला धरून बोलणाऱ्यांनाही जागा उरली.

वेगाबद्दल मात्र पूर्वपक्षाचे एक म्हणणे मी स्वीकारतो. शिकवणारे हात दहा आणि येणारे रोज हजार, असे झाले तर कोणाचाच इलाज चालत नाही. यूजनेटच्या बाबतीत हाही भाग होता. पण यातून निघते ते एवढेच, की गट वाढतो त्या गतीने हातही वाढवावे लागतात. ते न करता दार लावणे सोपे असते, म्हणून दार लावले जाते.

तिसऱ्या आधाराला, म्हणजे ग्रॅहम यांच्या निरीक्षणाला, पूर्वपक्षाने आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उगीच उभे केले. ते निरीक्षण नव्या-जुन्या सभासदांबद्दल नाहीच. छायाचित्र पाहून मत द्यायला दोन सेकंद लागतात, दीर्घ लेख वाचून मत द्यायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात छायाचित्राला शंभर मते पडून गेलेली असतात. मत देणारे पंचवीस वर्षांपासूनचे जाणकार असले तरी हेच होईल. हा मोजण्याच्या साधनाचा दोष आहे. त्यावर ग्रॅहम यांनी सांगितलेले मर्म हेच, की मुद्दाम उपाय करावा लागतो. म्हणजे पुन्हा कोणीतरी काम करावे लागते, आणि आपण आलो तिथेच येतो.

याच्या नेमके उलट टोकाचे एक मत आहे, की काहीही करू नका, सगळ्यांना बोलू द्या, चांगले आपोआप वर येईल. त्याची परीक्षा फार लवकर झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत कम्युनिट्री नावाचे संगणकी चर्चापीठ निघाले. कोणाचेही लिखाण काढून टाकायचे नाही, हे त्याच्या चालकांचे तत्त्व आणि त्यांची यंत्रणाही तशीच बांधलेली. शाळकरी मुलांच्या हाती मोडेम आल्यावर त्यांनी ते पीठ शिव्या आणि अश्लील मजकुराने भरून टाकले. चालक पाहत राहिले आणि पीठ बंद पडले. दार लावणारे आणि काहीच न करणारे, दोघांचा एक समज समान आहे. दर्जा ही आपोआप राहणारी किंवा आपोआप जाणारी गोष्ट आहे, असे दोघेही धरून चालतात.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आणि तो मी हलका मानत नाही. हे सगळे करायचे कोणी? आपल्याकडे उत्तर तयार असते: ॲडमिनने. गटात काही बिनसले की सगळे ॲडमिनकडे बोट दाखवतात. गोंदिया जिल्ह्यातले असे एक प्रकरण थेट न्यायालयात गेले. गटातल्या एका सभासदाने महिला सभासदाबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने काही केले नाही म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिला, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा त्याच्या हाती सभासद घेणे आणि काढणे याखेरीज फारसे काही नव्हते, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मला योग्य वाटतो. पण म्हणून उपेक्षेचा प्रश्न मिटत नाही. तो ॲडमिनच्या एकट्याच्या डोक्यावरून उतरतो आणि वात्स्यायनाने जिथे ठेवला होता तिथे, परिषदेकडे, जातो. मराठी संकेतस्थळांवर जे नुसते वाचतात, लिहीत नाहीत, त्यांना 'रोमात आहेत' असे म्हणतात. कुठल्याही गटात हेच बहुसंख्य असतात, आणि हीच परिषद. ती स्नेहभावाची राहते की उदासीन होते, यावर सगळे अवलंबून आहे. त्या सकाळी ढकलपत्राखाली हात जोडणारे दोषी होतेच, पण खोटे आहे हे ठाऊक असून पुढे सरकणारे आम्ही सगळेही दोषी होतो.

ही परिषद कामाला लावता येते, हे रॉब माल्डा यांनी स्लॅशडॉटवर करून दाखवले. १९९७ मध्ये सुरू झालेले हे स्थळ वाढू लागले तेव्हा त्यांनी आधी स्वतः प्रतिसाद निवडून पाहिले, मग पंचवीस विश्वासू माणसे नेमली, मग चारशे. तरीही पुरेना, तेव्हा त्यांनी हे काम नियमित येणाऱ्या सामान्य वाचकांतच वाटून टाकले. अधूनमधून एखाद्या वाचकाला पाच गुण मिळत. ते त्याने कोणत्याही प्रतिसादाला वर किंवा खाली करण्यासाठी वापरायचे, तीन दिवसांत न वापरल्यास ते रद्द. ज्या चर्चेत स्वतः लिहिले तिथे ते वापरता येत नसत. अधिकार थोडा, मुदत छोटी आणि पाळी फिरती, त्यामुळे कोणी दंडाधिकारी होऊन बसला नाही आणि कोणी थकूनही गेला नाही. या व्यवस्थेतही उणिवा होत्या. क्लिफ लॅम्पे आणि पॉल रेझ्निक यांच्या २००४ च्या अभ्यासात दिसले, की निवाडे बहुधा योग्य असले तरी त्यांना वेळ लागे आणि उशिरा आलेले चांगले प्रतिसाद कोणाच्या नजरेस न पडता राहून जात. पण उणीव दिसली ती काम चालू होते म्हणून, आणि ती दुरुस्त करण्यासारखी होती.

आमच्या शिलालेखांच्या गटात आता असे ठरले आहे, की दर महिन्याला दोन सभासदांची पाळी. नव्या माणसाच्या पहिल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर द्यायचे, विषय आधी होऊन गेला असेल तर जुन्या चर्चेतला दुवा शोधून द्यायचा, आणि आधार नसलेले काही आले तर ते कोणीही टाकलेले असो, "याचा आधार द्याल का?" एवढे विचारायचे. ज्येष्ठांना असे विचारायचे काहींच्या जिवावर आले. त्या ज्येष्ठ गृहस्थांना पहिल्यांदा विचारले गेले तेव्हा ते आठवडाभर गप्प होते. नंतर त्यांनी स्वतःच पुढच्या महिन्याची पाळी मागून घेतली.